आधी शेती, मग गाव, मग व्यापार: हा क्रम पुराव्यात खरंच दिसतो का?

रानवाटा

माणसाच्या वाटचालीचा आपण पाठ केलेला क्रम असा: भटकंती थांबली, शेती आली, धान्य उरायला लागलं, गावं वसली, उरलेल्या धान्याच्या जोरावर व्यापार सुरू झाला आणि व्यापारातून शहरं उभी राहिली. पश्चिम आशियातल्या उत्खननांनी गेल्या ५०-६० वर्षांत हा क्रम पार विस्कटून टाकला आहे. तरी पाठ्यपुस्तकांत आणि समाजमाध्यमांवर तोच चालू आहे, म्हणून हा धागा.

आजच्या इस्रायलच्या उत्तरेला ऐन मल्लाहा नावाचं स्थळ आहे. तिथे दगडी पायाची गोल घरं, घरात जात्या-उखळांसारखे जड दगड आणि दफनं सापडली. काळ सुमारे इ.स.पू. १२५००. तिथले लोक खात होते ते धान्य मात्र रानटी. लागवडीने बदललेला गहू त्या प्रदेशात स्पष्ट दिसायला लागतो तो इ.स.पू. ८५०० च्या सुमाराला. म्हणजे घर आधी आणि शेत त्यानंतर जवळजवळ ४,००० वर्षांनी. तुर्कस्तानातलं ग्योबेक्ली तेपे इ.स.पू. ९५०० च्या आसपासचं. तिथले कोरीव खांब ५ मीटरहून उंच आहेत, पण सापडलेली हाडं हरणांची आणि इतर रानटी जनावरांची.

वस्ती, देवाणघेवाण आणि शेती या तिन्ही गोष्टी जमिनीत नेमक्या कशावरून ओळखतात, आणि ओळखताना गफलत कुठे होते, यावर जाणकारांनी लिहावं. निष्कर्षापेक्षा पद्धतीवर जास्त भर असू द्या.

ओंबी

धान्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप सुटी होते, दाणे जमिनीवर पडतात. लागवडीच्या गव्हाची ओंबी अखंड राहते, ती मळावी लागते. दाणा जिथून सुटतो तिथे खूण राहते. रानटी दाण्याची खूण गुळगुळीत असते, मळून तोडलेल्याची फाटलेली, खरबरीत. हजारो वर्षांनंतर जळलेल्या अवस्थेतही सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो.

नमुना काढायची रीत अशी. चुलीतली, खड्ड्यातली आणि जमिनीच्या थरातली माती वेगवेगळी उचलायची, एका जागची साधारण २० ते ४० लिटर. ती पाण्याच्या टाकीत हळूहळू सोडायची. जळलेले दाणे आणि कोळसा तरंगतात. ते ०.३ मिलिमीटरच्या आसपासच्या जाळीवर धरायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात घाईने वाळवले तर तडकतात. तळाशी उरलेलं १ मिलिमीटरच्या जाळीतून पुन्हा पाहायचं, कारण जड दाणे, मणी आणि उंदरांचे दात तिथे सापडतात.

गफलत कुठे होते? रानटी पीक थोडं कच्चं असताना कापून मळलं तरी काही खुणा फाटलेल्या निघतात, १० टक्क्यांपर्यंतसुद्धा. त्यामुळे दोन-चार फाटके तुकडे दाखवून ‘इथे शेती होती’ म्हणता येत नाही. एका काळातल्या अनेक स्थळांचं प्रमाण मोजावं लागतं, आणि तसं मोजल्यावर दिसतं की रानटी ते पूर्ण लागवडीचा गहू हा बदल व्हायला २-३ हजार वर्षं लागली. आधी प्रयोगांवरून काढलेला अंदाज होता की एक-दोन शतकांत होऊन जाईल. इतका संथ बदल कुणी ठरवून घडवलेला नसतो. लोक पेरत होते, गोळा करत होते, शिकारही करत होते, आणि हे सगळं एकाच वेळी चालू होतं.

मातीवेळ

ओंबी यांनी उंदरांचे दात म्हटलं, त्यावर थोडं. कायम वस्तीचा हा फार चांगला पुरावा आहे.

घरउंदीर माणसाच्या साठ्यावर जगतो. माणसं वर्षातून काही महिनेच राहत असतील तर रानातला उंदीर त्याला हटवतो. माणसं बारमाही राहिली की घरउंदीर वरचढ होतो. दोघांच्या दाढांचा आकार वेगळा असतो. ऐन मल्लाहाच्या थरांतून दाढा मोजत गेलं की प्रमाण वर-खाली होताना दिसतं, म्हणजे तिथले लोक काही शतकं स्थिर राहिले आणि पुढे पुन्हा फिरते झाले. वस्ती एकदा झाली की कायमची, हे गृहीतकच त्यामुळे ढासळतं.

नुसत्या घराच्या पायावरून बारमाही वस्ती सिद्ध होत नाही. दरवर्षी त्याच जागी चार महिने येणारे लोकही दगडी पाया घालतात.

काचमणी

आता देवाणघेवाण. सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे ऑब्सिडियन, ज्वालामुखीतून निघालेली काळी काच. धार अप्रतिम, कुजत नाही, आणि प्रत्येक ज्वालामुखीची रासायनिक घडण वेगळी. बेरियम आणि झिर्कोनियमसारख्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं की तुकडा कोणत्या डोंगरातला ते सांगता येतं. १९६४ मध्ये कॅन आणि रेनफ्रू या अभ्यासकांनी ही पद्धत मांडली आणि या विषयाचं चित्रच पालटलं.

जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या जेरिकोच्या अगदी जुन्या नवाश्मयुगीन थरांत मध्य अनातोलियातल्या (आजचं मध्य तुर्कस्तान) ग्योल्लू दाग डोंगराची ऑब्सिडियन आहे. अंतर शेकडो किलोमीटरचं. चाकाची गाडी नाही, गाढव माणसाळलेलं नाही, मडकंही नाही, आणि काच मात्र पोचलेली आहे.

ती कशी पोचली याचा अंदाज अंतराच्या आलेखावरून करतात. उगमापासून साधारण ३०० किलोमीटरपर्यंतच्या गावांत दगडी हत्यारांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ऑब्सिडियनची. त्यापुढे प्रमाण झपाट्याने घसरत जातं. अशी घसरण तेव्हा होते जेव्हा प्रत्येक गाव आपल्याकडच्या मालातला काही भाग ठेवून घेतं आणि उरलेला पुढच्या गावाला देतं. कुणी एक व्यापारी थेट जेरिकोला गेला नाही, माल हातोहात सरकत गेला. आलेखात दूरवर मध्येच एखादा उंचवटा आला तर तिथे कुणीतरी साठा करून वाटत होतं असं समजायचं.

मोजणीत घ्यायची काळजी: हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राखाली २-३ मिलिमीटरपेक्षा पातळ पातं ठेवलं तर किरण आरपार जातात आणि आकडे चुकतात. पृष्ठभागावर मातीचा थर असेल तर तेच. आणि पूर्व अनातोलियातल्या नेम्रुत दाग आणि बिंग्योल इथल्या एका प्रकारच्या काचेची घडण इतकी सारखी आहे की साध्या मोजणीत त्या वेगळ्या निघत नाहीत. अहवालात ‘अमुक उगम’ असं ठामपणे लिहिलेलं असलं की आधी बघावं, किती मूलद्रव्यं मोजली.

रानवाटा

@काचमणी, एक शंका. काच हातोहात सरकली की मेंढपाळ कळप घेऊन फिरताना घेऊन गेले, हे आलेखावरून कसं कळणार? दोन्हींत प्रमाण अंतराबरोबर कमीच होणार.

काचमणी

नुसत्या आलेखावरून कळत नाही, शंका रास्त आहे. त्यासाठी माल कोणत्या रूपात पोचला ते बघावं लागतं. गावात गाभे (ज्यातून पाती काढतात ते मूळ दगड), साली (त्यावरून उडालेल्या कपच्या) आणि कचरा असं सगळं असेल तर कच्चा दगड आला आणि तिथे घडवला गेला. फक्त तयार पाती असतील आणि कचरा नसेल तर घडवणारा दुसरीकडे बसला होता. मध्य अनातोलियातल्या चातालह्योयुक या नवाश्मयुगीन गावात घरांच्या जमिनीखाली अर्धवट घडवलेल्या ऑब्सिडियनचे ढीग पुरून ठेवलेले सापडतात, चुलीजवळ. घराघरांत साठा आहे, गावाची एक वखार नाही. ज्या गावात काही हजार माणसं राहत होती तिथे बाजार किंवा राजवाड्याचा मागमूस नसणं, हे मला या सगळ्या विषयातलं फार मोलाचं निरीक्षण वाटतं.

तराजू

शेजारच्या गावाशी नातं असतं, तिथे उधारी आणि भेट चालते. खरा अवघड टप्पा पुढचा: ज्याची भाषा येत नाही, ज्याला पुन्हा भेटू याची खात्री नाही, त्याच्याशी सौदा. त्यासाठी तीन गोष्टी लागल्या. दोघांना मान्य वजन, न उघडता ओळखता येणारं सील आणि परमुलखात राहणारा आपला माणूस. इ.स.पू. २६०० ते १८०० या काळात सिंधू खोरं, इराणी आखात आणि मेसोपोटेमिया यांच्यात तिन्ही दिसतात.

सिंधू संस्कृतीची वजनं चर्ट या गारेसारख्या कठीण दगडाची, घनाकृती, घासून गुळगुळीत केलेली. त्यांवर अक्षर नाही. श्रेणी १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने जाते आणि मोठ्या वजनांना दशमान पद्धतीने. सगळ्यात जास्त सापडतं ते या श्रेणीतलं १६ चं, सुमारे १३.७ ग्रॅमचं. मोहेंजोदडोला एक वजन १० किलोहून जड आहे, दुसऱ्या टोकाला १ ग्रॅमच्या आतली वजनं आहेत. ही लहान वजनं धान्याची असूच शकत नाहीत. मौल्यवान धातू, मणी, रंग किंवा सुगंधी द्रव्य अशाच कशाची. हडप्पात वजनं वेशीच्या दरवाजांजवळ जास्त सापडली, म्हणून तिथे जकात घेतली जात असावी असा पुरातत्त्वज्ञ केनॉयर यांचा तर्क आहे.

मेसोपोटेमियात पद्धत वेगळी. शेकेल सुमारे ८.४ ग्रॅम, ६० शेकेलचा एक मीना म्हणजे साधारण अर्धा किलो, ६० मीनांचा एक टॅलेंट. वजनं हेमॅटाइट या लोहखनिजाची, लांबट, काही मान मुरडून बसलेल्या बदकाच्या आकाराची. आणि मध्ये बहारीन, म्हणजे त्या काळचं दिलमुन. तिथे सिंधूच्या घनाकृती वजनांचं माप रूढ झालं आणि मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या एका मातीच्या पाटीत तांब्याची नोंद ‘दिलमुनच्या मापाने’ अशी आहे. ज्या बंदरात दोन्हीकडचा माल बदलायचा, तिथे जवळच्या मेसोपोटेमियाचं माप सोडून दूरच्या पुरवठादाराचं माप धरलं गेलं. सौद्यात कुणाचा वरचष्मा होता ते यावरून थोडंफार कळतं.

मुद्रिका

सीलबद्दल मी लिहिते, कारण मुद्रा आणि मुद्रेचा ठसा यांत बरेच जण गल्लत करतात.

सिंधूच्या चौकोनी मुद्रा स्टिएटाइटच्या, म्हणजे शंखजिऱ्याच्या. हा दगड नखाने ओरखडा पडेल इतका मऊ, म्हणून आधी कोरून घेत आणि मग सुमारे १,००० अंश सेल्सियसला भाजत. भाजल्यावर तो पांढरा आणि कठीण होतो. पाठीला भोक पाडलेली गाठ, दोरी ओवायला.

वापर असा. गाठोड्याची दोरी आवळायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर मुद्रा उमटवायची. माती वाळली की गोळा फोडल्याशिवाय गाठ सुटत नाही. अभ्यासकाला खरी माहिती मिळते ती गोळ्याच्या पाठीवर. दोरीचा पीळ, बोरूची चटई, विणलेलं कापड, सगळं तिथे उमटलेलं असतं. लोथलच्या वखारीत असे ६५ च्या आसपास ठसे मिळाले आणि त्यांच्या पाठीवर कापड, चटई आणि दोरी दिसते. ते टिकले कारण वखारीला आग लागून माती भाजली गेली. आग लागली नसती तर पहिल्याच पावसाळ्यात सगळे विरघळले असते. (लोथलचा तो मोठा हौद गोदी की पाण्याचा तलाव, हा वाद वेगळा. ठशांचं महत्त्व त्यावर अवलंबून नाही.)

दोन पथ्यं मात्र पाळायलाच हवीत.

एक, पाठीवर लाकडी खुंटी आणि दोरीचे वेढे उमटले असतील तर तो ठसा मालाचा नाही, कोठीच्या दाराचा आहे. दारावर ज्याची मुद्रा, तो तिथे राहणारा अधिकारी.

दोन, माती तपासायची. परक्या मुद्रेचा ठसा स्थानिक मातीत असेल तर मुद्रा घेऊन माणूस आला होता. माती परमुलखाची असेल तर माल आला होता आणि माणूस कदाचित आलाच नाही. फोटोत दोन्ही ठसे अगदी सारखे दिसतात, म्हणून नुसत्या फोटोवरून कुणी ‘व्यापारी वसाहत’ सिद्ध करायला लागलं की सावध व्हा.

काचमणी

परमुलखातल्या माणसाचे पुरावे पुढे जोडतो. मेसोपोटेमियातल्या अक्काडचा राजा सारगॉन मेलुह्हा, मगान आणि दिलमुनची जहाजं आपल्या धक्क्याला लागल्याचं अभिमानाने कोरून ठेवतो. मेलुह्हा म्हणजे सिंधू प्रदेश आणि मगान म्हणजे ओमान, हे आता बहुतेकांना मान्य आहे. शू-इलिशू नावाच्या माणसाची दंडगोल मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि तीवर त्याचा व्यवसाय कोरलाय: मेलुह्हाचा दुभाष्या. पुढच्या काळात लगाशच्या प्रदेशात मेलुह्हा नावाचं गावच नोंदलेलं आहे.

अवांतर, पण विषयाला धरून: कार्नेलियनच्या, म्हणजे लाल अकीकाच्या, लांब मण्याला भोक पाडणं हा त्या काळातला तंत्रज्ञानाचा कळस होता. अकीकाचा दगड आधी वाळवून मंद आचेवर भाजायचा म्हणजे त्यातल्या लोहामुळे लाल रंग चढतो. आच एकदम वाढली की दगड तडकतो. मग साली काढून आकार, घासणी आणि शेवटी दोन्ही टोकांकडून भोक. अर्नेस्टाइट नावाच्या खास कठीण दगडाच्या टोकाने तासाला सुमारे २.५ मिलिमीटर भोक पडतं, हे प्रयोगाने मोजलेलं आहे. ६ सेंटिमीटरच्या मण्याला निव्वळ २४ तास ड्रिल फिरवावं लागतं, म्हणजे रोज ८ तास धरले तर ३ दिवस. दोन्हीकडची भोकं मध्ये जुळली नाहीत तर सगळी मेहनत वाया. उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत कार्नेलियन मणी का पुरले, ते या हिशोबावरून समजतं.

गोणी

आतापर्यंतच्या प्रतिसादांत दगड, धातू आणि माती आली. प्रत्यक्षात सर्वांत जास्त हलणारा माल कापड होता आणि त्याचा धागाही उरत नाही. हे किती मोठं भगदाड आहे ते कानेशवरून कळतं.

मध्य तुर्कस्तानात कायसेरीजवळ क्युलतेपे, म्हणजे जुनं कानेश. इ.स.पू. १९४५ ते १८३५ या काळात इथे उत्तर इराकमधल्या अशुर शहराचे व्यापारी राहत होते. त्यांच्या घरांतून सुमारे २३,००० मातीच्या पाट्या मिळाल्या: पत्रं, हुंड्यांसारखे कर्जरोखे, खटले, हिशोब. अशुर ते कानेश अंतर १,००० किलोमीटरच्या घरात, गाढवांच्या तांड्याला सुमारे सहा आठवडे.

एका गाढवाचा हिशोब मांडतो. कथील असेल तर दोन्ही बाजूंना साधारण ६५-६५ मीनांच्या सीलबंद गोण्या, म्हणजे १३० मीना, सुमारे ६५ किलो. १३० मीना म्हणजे ७,८०० शेकेल. अशुरमध्ये एका शेकेल चांदीला १५ शेकेल कथील मिळत असेल तर खरेदी ५२० शेकेल चांदी. कानेशला एका शेकेलला ७ या भावाने विक्री १,११४ शेकेल. दुपटीहून थोडं जास्त. त्यातून कानेशच्या राजवाड्याचा कर, ६५ मीनांमागे २ मीना. वैरण आणि वाटेतल्या टोलासाठी सुटं कथील वेगळं बांधलेलं असे. कापड असेल तर गाढवावर २५ च्या आसपास नग, त्यांवर राजवाडा ५ टक्के कर घेई आणि वर १० टक्के नग आधी विकत घ्यायचा हक्क राखून असे. पोचल्यावर बरीचशी गाढवंही विकून टाकत, कारण परतीला माल फक्त चांदी-सोनं.

काही जण कर चुकवायला आडवाटेने माल नेत, पत्रांत तिला ‘अरुंद वाट’ म्हटलंय.

कापडाचा मोठा भाग अशुरमधल्या बायका घरी विणत. पुझुर-अशुर नावाचा व्यापारी वक्कुर्तुम या बाईला लिहितो की नग ९ हात लांब आणि ८ हात रुंद असावा, म्हणजे सुमारे साडेचार मीटर बाय चार मीटर. एका बाजूने पिंजून घ्यावा, कातरू नये, वीण घट्ट असावी. दूरच्या गिऱ्हाइकाची आवड हजार किलोमीटर मागे मागावर पोचत होती. संस्कृतींची देवाणघेवाण आपण देव, लिपी, कलाकुसर यांत शोधतो. इथे ती लोकर पिंजायच्या सूचनेत आहे.

आणि आता कळीचा मुद्दा. या अशुरी व्यापाऱ्यांची घरं स्थानिक धाटणीची, मडकी स्थानिक, चुली स्थानिक. पाट्या आणि मुद्रा काढून टाकल्या तर तिथे परके लोक शंभर वर्षं राहिले हे कोणत्याही उत्खननात कळलं नसतं. कथिलाची एक गोणीही नाही, कापडाची एक चिंधीही नाही.

मातीवेळ

@गोणी, हा प्रतिसाद धाग्याच्या वरच लावायला हवा. खापरांची शैली बदलली नाही म्हणजे बाहेरचे लोक आले नाहीत, आणि बदलली म्हणजे आक्रमण झालं, हे दोन्ही निष्कर्ष कानेशपुढे टिकत नाहीत. एक विचारायचं होतं: घरं स्थानिक असण्याचं कारण लग्नसंबंध का?

गोणी

मोठ्या प्रमाणात हो. व्यापाऱ्याची एक बायको अशुरला आणि दुसरी कानेशला असे, आणि करारांत अट असे की दोघींचा दर्जा सारखा नको आणि दोघी एका गावात नकोत. कानेशचं घर स्थानिक बायको चालवी, म्हणून भांडी आणि स्वयंपाकघर तिच्या पद्धतीचं. नवरा परत गेला तर घर, मुलं आणि पैसा यांचं काय करायचं ते घटस्फोटाच्या पाट्यांत लिहिलेलं आहे. दोन समाजांना बांधणारी कायद्याची चौकट राजांच्या तहांइतकीच या घरगुती करारांनी घडवली.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. वस्ती शेतीच्या आधी, हे दाढांवरून आणि ओंब्यांवरून दिसलं. लांबची देवाणघेवाण तयार शेतीच्या आधी, हे ऑब्सिडियनवरून. मग ‘उरलेल्या धान्यातून व्यापार’ याला कुठेच जागा उरत नाही का?

तराजू

उरते, पण उशिरा आणि वेगळ्या रूपात. कथील, मणी, तांबं यांच्या व्यापाराला धान्य लागतं ते माणसं आणि जनावरं पोसायला, विकायला नव्हे. गाढवावर धान्य लादून हजार किलोमीटर नेलं तर वाटेत गाढव आणि हाक्याच ते खाऊन टाकतील. धान्य दूर जातं ते पाण्यावाटे. मेसोपोटेमियाचं जव, लोकर आणि तेल आखातातून दिलमुन आणि मगानला गेल्याच्या नोंदी आहेत, बदल्यात तांबं आलं.

पाण्याचा मार्गही सोपा नव्हता. ओमानच्या रास अल-जिंझ इथे बोटींवरून खरवडलेल्या डांबराचे तुकडे मिळाले, एका अंगाला बोरूच्या मोळ्यांचा ठसा आणि दुसऱ्या अंगाला बार्नॅकल या समुद्री जिवांची चिकटलेली टरफलं. त्या आधाराने बांधलेली बोट २००५ मध्ये ओमानच्या सूरहून कच्छमधल्या मांडवीकडे निघाली आणि किनाऱ्यापासून काही सागरी मैलांवरच पाणी भरून बुडाली. सगळे खलाशी वाचले. डांबर, चुना आणि तंतू यांचं मिश्रण, मोळ्यांची बांधणी आणि ओझ्याची मांडणी, यांतलं काहीही जरासं बिघडलं की काय होतं ते त्यातून दिसलं. आखातातले खलाशी हे पिढ्यान्‌पिढ्या जमवत आले होते. त्याच रास अल-जिंझला सिंधूच्या मातीची काळा लेप दिलेली मोठी रांजणं सापडली आहेत, म्हणजे बोटी पोचत होत्या.

मुद्रिका

@तराजू, रांजणांबद्दल एक भर. मोठी साठवणीची रांजणं रिकामी कुणी समुद्रापार नेत नाही, त्यांत काहीतरी द्रव किंवा खाद्यपदार्थ होता. आतल्या बाजूला मुरलेल्या चरबीच्या अंशांची तपासणी करून ते शोधता येतं. अट एकच: उत्खननात सापडल्याबरोबर रांजण धुवायचं नाही, आतल्या अंगाला हात लावायचा नाही आणि तुकडा प्लॅस्टिकऐवजी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा. प्लॅस्टिकमधली तेलकट द्रव्यं नमुन्यात उतरतात आणि मग मोजलं जातं ते पिशवीचंच रसायन. जुन्या उत्खननांतली बरीच भांडी घासूनपुसून कपाटात ठेवलेली असल्याने हा प्रश्न नव्या खोदकामांतूनच सुटेल. सोबत आजूबाजूच्या मातीचा एक नमुनाही घ्यावा, नाहीतर मुरलेला अंश भांड्यातला की जमिनीतला ते सांगता येत नाही.